टपावर सतरंजी बांधून अकोटले

अख्ख्या वऱ्हाडात असा एकही रस्ता नाई जो मले डोये मिटून सापडत नाई. डोये उघडे ठेवून मात्र मी पहिल्याच दिवशी माझ्याच गावात रस्ता चुकलो अन् मॅडमले घेऊन थेट एका मानसाच्या गोठ्यात घुसलो. म्हैस दचकून उभी राह्यली. मॅडमही उभ्या राह्यल्या. जीपमंदी उभं राह्यलं का डोकं टपाले लागते, हे त्याइले तवा समजलं.

मी शालिक. नांदगाव खंडेश्वरचा. नांदगाव ते चांदूर रेल्वे काळी-पिवळी जीप चालवतो. शाळेत मी दोन सालं गेलो, त्यातलं एक साल मास्तरच्या घरचं पानी भरन्यात गेलं. मले सही येते, तेबी पेन चांगला असन तं. हे सारं मी फोनमंदी बोललो अन् आमच्या सूनबाईनं ऐकून ऐकून उतरवलं. तिनं मंधी काही शहानपना घातला असन तं तो तिचा, बाकी मूर्खपना सारा माझा.

त्या सालात कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती. लोकाइच्या हातात काही नव्हतं, म्हनून कोनी कुठं जात नव्हतं, म्हनून माझी जीप निंबाखाली उभी राहून चिमन्याइचं घर झाली होती. अशात या मॅडम अमरावतीहून आल्या. तिथल्या एका कॉलेजात जुन्या वस्तूचं ल्हानसं संग्रहालय हाय, त्यात त्या कामाले. माहेर पुन्याचं. स्टँडवर येऊन त्याइनं इचारलं, "या भागाची नीट माहिती असलेला कोणी ड्रायव्हर मिळेल का?" आमी सहा ड्रायव्हर उभे होतो. पाच जन माझ्याकडं पाहून हासले. मी त्याले मान समजलो अन् पुढं झालो.

नांदगाव खंडेश्वर

काम असं होतं. लोकाइच्या घरी जुनं काय हाय ते पाहाचं, त्याचा फोटो काढाचा, कोनाचं, कोनं बनवलं, कुठून आलं ते इचारून लिवाचं, अन् ते इंटरनेटवर टाकाचं. मले पहिले वाटलं, बाई भंगार घेत असन.

"मॅडम, म्हनजे वस्तू तुमी घेऊन जान?"

"नाही काका. वस्तू ज्याच्या घरी, त्याच्या घरीच. आपण फक्त नोंद न्यायची. प्रत्येक वस्तूला एक कायमचा नंबर मिळतो. उद्या ती विकली, हरवली, मालक बदलला, तरी नंबर तोच."

"सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं."

मॅडम खुश झाल्या. म्हनल्या, "अगदी तसं. पण हा सातबारा जगात कोणीही बघू शकतो. कुलूप नाही, परवानगी नाही, अर्ज नाही."

मी म्हनलं, असा सातबारा असता तं आमच्या गावात रोज एक मर्डर झाला असता.

पुन्याच्या मानसाची एक गोष्ट सांगतो. तिकडं म्हने चहा नको म्हटलं का घरचे लोक थांबतात. आमच्याकडं नको म्हनलं का समोरचा समजते, यानं आनखी आग्रह करा म्हनलं. मॅडम दर घरी "नको हो, आत्ताच झाला" म्हनत अन् दर घरी कप भरून येई. दुपारपर्यंत त्याइच्या पोटात इतका चहा झाला का जीप वळली का त्या आतून वाजत.

त्या दिवशी घराघरातून काय काय निघालं! पानी भराचा तांब्याचा गुंड, भजनाचा डफ, बैलाच्या गळ्यातल्या पितळी घंटा. अन् दर वस्तूसंग एक मेलेला मानूस निघे. "हा डफ माझ्या आजाचा." "हा गुंड आमच्या पणजीनं माहेरून डोक्यावर आनला." मॅडम आदरानं सारं लिवून घेत. मी बाजूले उभा. मले तवा पहिल्यांदा वाटलं का आपल्या खानदानात सांगासारखा एकही मानूस झाला नाई. माझा बाप ओझं वाहे, आजा ओझं वाहे. मी जीप घेतली म्हनजे ओझं मशीननं वाहतो, इतकीच काय ते प्रगती.

शेवटी माझं घर आलं. माझ्या घरी एकच जुनी वस्तू, सतरंजी. लाल-निळ्या पट्ट्याची, इतकी मोठी का उलगडली तं अर्धी गल्ली झाकन. खरं तं ते आमच्या एकट्याची नाई. आमच्या गल्लीचा रिवाज असा का लग्नाले, नाव ठेवाले, दुखवट्याले जो सतरंजी नेईन तो काम झालं का आपल्याच घरी ठेवन, पुढचा मागाले येईन तोवर. अन् ज्याच्या घरी ते असन तो म्हनन 'आमची सतरंजी'. कोनी भांडत नाई. त्या सालात ते लग्नापेक्षा दुखवट्यालेच जास्त अंथरली गेली, अन् शेवटचा दुखवटा आमच्या शेजारचा, म्हनून माझ्या घरी होती.

मॅडमनं ते पाह्यली अन् खालीच बसल्या. एका कोपऱ्यात बारीक निशानी विनलेली होती, तीन रेघा अन् एक टिपका. त्यावर बोट ठेवून म्हनल्या, "काका, ही कोणी विणली, काही माहीत आहे?"

खरं उत्तर दोन अक्षराचं होतं. नाई.

मी म्हनलं, "माझ्या पणज्यानं. संभा त्याचं नाव."

एकदा गाडी उताराले लागली का मंग ब्रेक कोन मारते? मी म्हनलं, माग इथंच होता, त्या कोपऱ्यात, जिथं आता गॅस हाय. मॅडमनं गॅसचाही फोटो काढला. म्हनलं, तीन महिने लागत, पणजा जेवाले उठे ना, पणजी त्याले घास भरवे. आतून माझी बायको दारातून वाकून पाहून राहिली होती. तिच्या डोयात काय होतं ते मी सांगत नाई, कारन हे सूनबाई लिवून राहिली.

चांदूर रेल्वे

दुसऱ्या दिवशी चांदूरले गेलो. रेल्वे लाइनीजोळ एका म्हाताऱ्या बाईच्या घरी फाटकावरचा जुना कंदील होता, एका बाजूनं लाल काच, एका बाजूनं हिरवी. मी म्हनलं पाहू पेटते का. पेटला. माझी अर्धी मिशीबी पेटली. म्हाताऱ्या बाईनं लोट्यातलं पानी माझ्या तोंडावर फेकलं, तेबी फुकट. तिचे उपकार मी जन्मभर इसरनार नाई, अन् चांदूरचे लोकबी इसरत नाईत. अजून स्टँडवर गेलो का म्हनतात, "आला पाय हिरवा सिग्नल."

मॅडमनं इचारलं, "आजी, हा तुमच्या घरच्यांचा का?"

म्हातारी म्हने, "नाई व माय. माहा मालक गेटवर लागला, त्याच्या पहिलेच्या गेटवाल्याचा. त्याची बदली झाली अन् तो इसरून गेला. आमी सांभाळला नुसता. त्याचंच नाव लिव. लोकाचं आपलं म्हनून काहून सांगाव?"

मी मिशीले खोबरेल लावून राहिलो होतो. ते ऐकलं, पन आत जाऊ दिलं नाई.

मंग फलाटावर चहा घेता घेता मॅडमनं मले त्या कामाची खरी गंमत समजावली. नुसती नोंद करून भागत नाई, ते दुसऱ्या नोंदीले जोडाची. कंदिलाची नोंद गावाले जोडली, गाव रेल्वे लाइनीले, लाइन दुसऱ्या कोन्या देशातल्या संग्रहालयात असल्याच कंदिलाले. एकाचा धागा धरला का दुसऱ्याकडं जाता येते. मी इचार केला अन् म्हनलं, "म्हनजे बडनेरा जंक्शन. इथं बसलेला मानूस एकटा कुठंच पोहोचत नाई, पन बडनेऱ्याले उतरला का सारी दुनिया."

मॅडमनं वही काढून ते लिवून घेतलं. माझं बोलनं कोन्या मानसानं लिवून घेतलं, ते पोलीस सोडून पहिलेच.

अमरावती

तिसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून टपावर बांधली अन् अमरावतीले गेलो. मॅडमले तिचा उन्हात, वरून फोटो पाहिजे होता. कॉलेजच्या मैदानात अंथरली अन् मॅडमनं दुसऱ्या मजल्याहून फोटो घेतला. घडी करतांना मी सतरंजीतच गुंडाळलो गेलो. दोन शिपायाइनं मले उलगडून काढलं. त्या दोघाइचेबी आभार.

मंग मॅडम कॉम्प्युटरवरून ओरडत आल्या, "काका, काका!" झालं असं का दूरदेशी एका मोठ्या संग्रहालयात अशीच एक सतरंजी होती. तेच पट्टे, कोपऱ्यात त्याच तीन रेघा अन् तोच टिपका. त्याइच्या नोंदीत लिवलं होतं, 'विणकर अज्ञात, वऱ्हाड. कोपऱ्यात शोभेची नक्षी.' मॅडमनं पहिल्याच दिवशी आपली नोंद टाकली होती, ते तिथल्या मानसानं पाह्यली अन् लगेच जोडली. आता त्याइच्या पानावर विणकर म्हनून नाव दिसून राहिलं होतं, संभा, नांदगाव खंडेश्वर.

"तुमच्या पणजोबांना आज नाव मिळालं," मॅडम म्हनल्या. त्याइच्या डोयात पानी होतं.

मले तवाच सांगाले पाहिजे होतं. मी काय केलं? मी गिला वडा खाल्ला. दही-चटनी घालून दोन पलेटी. अन् वडेवाल्याले सांगतलं का आमचे पणजोबा फॉरेनले असतात.

मॅडम म्हनल्या, "आता त्या खुणेचा अर्थ शोधायचा. अकोटला सतरंजी विणणारी घराणी होती. एका घरचा पत्ता मिळालाय. उद्या तिकडे जाऊ, मग अकोला."

तिसरी पलेट सांगतली होती, ते मी तशीच वापस केली.

अकोट

दर्यापूरच्या बाजूनं गेलो. काळी जमीन, कपाशीच्या उभ्या पराट्या, बोंडं फुटलेली पन आतून किडलेली, वेचाले कोनी आलं नव्हतं. पुढं उत्तरेकडं सातपुड्याची निळी रेघ दिसाले लागली का समजाचं अकोट आलं. मी येऊ नये म्हनून लय प्रयत्न केले. म्हनलं रस्ता बंद हाय. समोरून एसटी आली. म्हनलं इंजिन तापलं. मॅडमनं बाटलीतलं पानी दिलं. शेवटी गाडी मुद्दाम खड्ड्यात घातली. पन जीप जुनी, खड्ड्याइची सवय असलेली, ते मले न इचारता बाहेर निघून आली.

घर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मांगच्या मोहल्ल्यात होतं. अन्वरभाई दारातच गाद्या भरून राहिले होते, तोच त्याइचा धंदा. त्याइची माय जैबूनबी खाटेवर बसून होती. ऐंशीच्या वर वय, जाड चष्मा, तोंडात पान. मी खाला, म्हनजे मावशी, म्हनलं तं म्हने, "ये बाबू, सावलीत ये. तुही मिशी कोनं खाल्ली?"

आधी जेवन. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, वरून गोड पिवळा भात. आमच्याकडं पाहुन्याले वाढतात अन् बाजूले उभे राहतात, तिथं अन्वरभाई माझ्याच ताटात जेवाले बसले. मले आपल्या पापानं घास उतरेना, अन् त्याइनं समजलं मी लाजून राहिलो. म्हनून आपल्या बाजूचा भात माझ्याकडं लोटत गेले. मी तोबी खाल्ला. पाप वेगळं, भात वेगळा.

जेवन झाल्यावर मॅडमनं लॅपटॉपवर दूरदेशीची सतरंजी दाखवली. खालानं चष्मा वर केला, नाक पडद्याले लावलं. मंग कोपऱ्यातल्या निशानीवर बोट ठेवलं.

"ये देख अन्वर. नानाकी." मंग आमच्याकडं पाहून म्हनल्या, "हे माह्या अब्बाची हाय. रहीमबक्ष. अब्बाले लिवता येत नव्हतं. सही कशी करन? म्हनून हे. टिपका म्हनजे अम्मी. तीन रेघा म्हनजे आमी तीन बहिनी. दोघी गेल्या. हे तिसरी रेघ, हे मी."

अन्वरभाईनं आतून पंजा आनला. पंजा म्हनजे सतरंजीचे धागे ठोकून बसवाचं लोखंडी हत्यार, वाघाच्या पंजासारखं दातेवालं. त्याच्या मुठीवर कानशीनं कोरलेल्या त्याच तीन रेघा अन् तोच टिपका. घासून घासून अर्धे मिटलेले.

खाला म्हनल्या, "इतक्या दूर कशी गेली वो हे? अन् नाव काय लिवलं तिथं? अब्बाचं नाव हाय का? वाच ना बाई."

मॅडमचा चेहरा उतरला. त्याइनं माझ्याकडं पाह्यलं. मी छताकडं पाह्यलं. छताले सरकी भरलेलं एक पोतं टांगलं होतं, त्याचा मी लय अभ्यास केला.

"आजी, इथे लिहिलंय... विणकर, संभा. नांदगाव खंडेश्वर."

"हा कोन?"

मॅडम भल्या, त्याइनं माझं नाव सांगतलं नाई. म्हनल्या, "दुसऱ्या एका घरानेही हीच खूण आपली म्हणून सांगितलीय. मला दोन्ही लिहावं लागेल. पंजाचा फोटो घालते, तुमचं म्हणणं घालते. पण ठरत नाही तोवर पुढे 'वाद आहे' असं लिहिणं भाग आहे."

"वाद?" खालाचा आवाज बारीक झाला. "माह्या बापाचा कोनासंग वाद नव्हता व बाई. मोहल्ल्यात कोनाले इचार. चांगल्या मानसाच्या नावापुढं काहून लिवता तसं?"

अन्वरभाई म्हने, "जाने दो अम्मा. आपन काय जाऊन पाहनार हाय तिथं?"

"मी जाईन तवा जाईन वरती," खाला म्हनल्या. "अब्बा इचारतीन, नाव सांगतलं का? काय सांगू, वाद हाय?"

सतरंजी बाहेर जीपच्या टपावरच बांधलेली होती. उतरवतो उतरवतो म्हनून मी ते उतरवलीच नव्हती. मी निघतो म्हनून उठलो, खालाच्या पाया पडलो. त्याइनं माझ्या डोक्यावर हात ठेवून "खुश राह्य बाबू" म्हनलं. त्याच्यापेक्षा चप्पल मारली असती तं परवडलं असतं.

पूर्नेच्या काठावर

अकोल्याच्या रस्त्यानं निघालो. हा खारपाणपट्टा. जमिनीखाली पानी हाय पन खारं, प्याले नाई अन् ओलिताले नाई. पूर्नेच्या अलीकडं चहा घेतला, त्यात साखर घालाव का मीठ काढाव ते समजत नाई. मॅडम नुसत्या खिडकीबाहेर पाहून राहिल्या होत्या. पुलाच्या अलीकडं टायर बसलं. यावेळी मी काही केलं नव्हतं, खंडोबाची शपथ.

मी जॅक घेऊन जीपखाली घुसलो. तिथं मानसाचं तोंड कोनाले दिसत नाई. नुसते दोन पाय बाहेर. तिथूनच मी म्हनलं, "मॅडम, तो माग आमच्या घरी नव्हता."

मी जॅक दोन पेच फिरवला.

"पणज्यानं नाई इनली. ते गल्लीची सतरंजी हाय. कोनं आनली, कोनाले ठाऊक नाई. साऱ्याइचे आजे-पणजे तुमी लिवत होत्या, मले वाटलं आपलाबी एखादा असावा."

वरून आवाज नाई. मले वाटलं मॅडम पैदल अकोल्याले गेल्या.

"काका, बाहेर या."

"नाई येत."

"या म्हणते ना! पणजी घास भरवायची ते?"

"तेबी नाई."

"आणि त्या गॅसच्या कोपऱ्याचा मी फोटो काढला तो?"

"गॅस खरा हाय, मॅडम."

मी निघालो तं त्या रस्त्याच्या कडेले बसल्या होत्या. लाल झाल्या होत्या. म्हनल्या, "मला तुमच्यावर खूप ओरडायचंय. पण चूक माझीही आहे. मी शेजारी एका माणसाला विचारलं नाही. एकाच्या तोंडचं घेतलं आणि जगाला जोडून मोकळी झाले." मंग डोये पुसले अन् म्हनल्या, "पुसता येईल. तिकडे त्यांनी नाव उतरवून घेतलेलं नाही, आपल्या नोंदीकडे नुसतं बोट दाखवलंय. आपण इथे बदललं की तिथेही बदलतं. पण मी एकटी बदलणार नाही. तुम्ही त्या आजींना तोंडाने सांगायचं. आज. गाडी फिरवा."

टायर बदलून गाडी फिरवली. अकोला आमचं त्या दिवशी राहून गेलं. पूल समोर दिसत होता, पन ओलांडला नाई.

पुन्हा अकोट

ऊन कलाले आलं होतं. अन्वरभाई म्हनले, "काहून भाऊ, काही राह्यलं का?" मी म्हनलं, राह्यलं, टपावर. चढलो तं माझीच बांधलेली गाठ मले सुटेना. अन्वरभाईनं गादीचा दोरा कापाच्या कातरीनं दोर कापला. सतरंजी अंगनात अंथरली. आंगन पुरलं नाई, एक बाजू भिंतीवर चढली.

खाला खाटेवरून उतरल्या. उभ्यानं पाह्यली. मंग खाली बसून तळहात फिरवाले लागल्या, जसं ल्हान लेकराच्या पाठीवरून फिरवतात. सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"कोपरा अब्बा सगळ्यात शेवटी इनत," त्या म्हनल्या. "अन् हाक मारत. ये जैबून, तुही रेघ चालली पाय."

मॅडमनं कॅमेरा काढला नाई, तेबी मी पाह्यलं.

मंग मी सांगतलं. सारं सांगतलं, उभ्यानं, गॅससकट. "खाला, तो संभा म्हनजे माहा पणजा. वाद नाई काही. मी खोटं बोललो. तुमच्या घरी तुमचा भात खाऊन बी चूप राह्यलो."

अन्वरभाईची मान खाली. खालानं पानाची पिचकारी एका बाजूले टाकली. मले वाटलं आता माझी पाळी.

"तुहा पणजा काय करे रे खरं?"

"ओझं वाहे. लग्नात सतरंजी अंथरे. पंगत उठली का खरकटं झाडे, झटके, उन्हात घाले, घडी करे. बापबी तेच करे."

"मंग तेच सांगाचं ना येड्या! झटकनारा नसला तं सतरंजी चार सालं टिकत नाई. अब्बा म्हनत, इननारा एक, पन वापरनारा नीट पाहिजे." मंग मॅडमकडं वळून म्हने, "बाई, याइचं काही लिवता येते का त्यात?"

मॅडम म्हनल्या, येते. विणलं कोणी याचा रकाना वेगळा, सांभाळलं कोणी याचा वेगळा.

अंगनात रेंज नव्हती. म्हनून आमी सारे गच्चीवर गेलो. खालाले अन्वरभाईनं अन् मी दोन्ही बाजूनं धरून शिडीवरून चढवलं. रुईच्या ढिगावर लॅपटॉप ठेवला. मॅडम मोठ्यानं वाचत गेल्या अन् लिवत गेल्या. विणकर, रहीमबक्ष, अकोट. खूण, विणकराची सही, टिपका म्हणजे पत्नी, तीन रेघा म्हणजे तीन मुली. सांगणारी, जैबूनबी, तिसरी रेघ. सांभाळणारे, संभा आणि गल्लीतले लोक, नांदगाव खंडेश्वर. मंग त्याइनं दूरदेशीचं पान उघडलं. थोडं फिरत राह्यलं, फिरत राह्यलं, अन् आलं. अज्ञात नाई, संभा नाई, वाद नाई. रहीमबक्ष.

"वाच पुन्हा," खाला म्हनल्या. मॅडमनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा अन्वरभाईनं वाचलं, पडद्यावर बोट ठेवून.

मी इचारलं, "मॅडम, माहं जुनं खोटं पुसलं ना साफ?"

"नाही काका. जुनी नोंद पुसत नाहीत. कोणत्या दिवशी कोणी काय सांगितलं आणि कधी बदललं, ते सगळं खाली राहतं. कोणीही बघू शकतं."

म्हनजे मी खोटारडा हाय हे आता गावाले नाई, साऱ्या दुनियेले, बिनकुलूप, बिनअर्ज. आमच्या खानदानात इतकं नाव कोनाचंच झालं नव्हतं. तरी सांगतो, त्या गच्चीवर मले जितकं हलकं वाटलं तितकं जीपमंदी एकबी सवारी नसतांना वाटत नाई. त्या मायचे, त्या मॅडमचे, त्या अन्वरभाईचे उपकार कसे फेडाचे ते मले समजलं नाई. फेडाचेबी नाईत, राहू द्याचे अंगावर.

खाली उतरलो. सतरंजी घडी कराले मी वाकलो, अन् माहा सोभाव पाहा, छाती पुन्हा फुगली. म्हनलं, "खाला, इननारे तुमी, सांभाळनारे आमी. म्हनजे अर्धं नाव आमचंच झालं ना?"

खालाचा हात सतरंजीच्या मधात थांबला होता. त्याइनं तेवढा भाग उचलला अन् खालून चार बोटं आरपार काढून मले दाखवली.

"माह्या बापानं इनली," खाला म्हनल्या, "अन् तुमच्या खानदानानं उंदराइले चारली. लिव बाई, सांभाळनाऱ्याच्या पुढं तेबी लिव."